शेवट काउंटरवर मिळेल

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या काउंटरसमोर दोन मुलींचे कडाक्याचे भांडण झाले. दोघी एकाच वर्गातल्या, तेरा-चौदा वर्षांच्या, एरवी एकमेकींवाचून पान न हलणाऱ्या. भांडणाचे कारण मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझे नाव ‘भिंतीआडचे पाच’. मुखपृष्ठावर एका मुलीच्या बोटांतून निळ्या ठिणग्या उडताना दाखवल्या आहेत. माझ्या पोटात कुठेही, एकाही पानावर, ठिणगी नाही. चित्रकाराने मला वाचले नव्हते, हे यावरून कळावे. पण त्या ठिणग्यांनीच माझ्याकडे निम्मे वाचक ओढून आणले, म्हणून मी त्याच्यावर राग धरलेला नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापतात, कागदाच्या घड्या घालतात आणि त्याची जुडी करतात. त्या जुडीला फर्मा म्हणतात. असे पंधरा फर्मे एकावर एक रचून शिवले, वर पुठ्ठा चढवला, आणि मी तयार झाले. हे फर्म्याचे प्रकरण लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातली सगळी उलथापालथ एका फर्म्यामुळे झाली.

माझ्या पोटात काय आहे तेही सांगते. कारखान्याच्या एका गावात पाच मुले राहतात. पाचांच्याही अंगात काहीतरी आहे, आणि पाचही जण ते लपवतात. एकाला अंधारात दिवसासारखे दिसते. एकीच्या हातात लोखंड मेणासारखे मऊ होते. दोन जुळे भाऊ आपापल्या सावल्या एकमेकांना देऊ शकतात, आणि ज्याची सावली गेली तो कुणाला दिसत नाही. पाचवी म्हणजे नायिका. तिला भिंतीपलीकडचे बोलणे ऐकू येते. कारखान्याचा मालक या मुलांच्या मागे लागतो, पाठलाग होतात, एक पूल कोसळतो. चौघांचे प्रश्न चौदा फर्म्यांत सुटतात. पाचवीचा शेवटपर्यंत लटकत राहतो. तिने हे आईला सांगायचे की नाही?

वाचनालयात आले तेव्हा मला उसंत नव्हती. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. कोणी मला गणिताच्या तासाला बाकाखाली वाचले, कोणी न्हाणीघरात, कोणी घास हातात धरून. माझ्या साठाव्या पानावर जामचा डाग आहे आणि मुखपृष्ठावरच्या मुलीला कोणीतरी मिशा काढल्या आहेत. एक आजोबा ‘नातवासाठी’ मला घेऊन वाचनकक्षात बसत आणि वर्तमानपत्रात घालून स्वतःच वाचत, पण शेवट यायच्या आत दरवेळी त्यांना डुलकी लागे. त्यांना नातू नाही, हे पुढे कळले. गणिताच्या सरांनी एकदा मला एका मुलाच्या हातातून हिसकावले. “असली भुताटकी वाचून डोकी फिरतात पोरांची,” असे म्हणून त्यांनी मला आठवडाभर घरी ठेवून घेतले. परत आले तेव्हा माझ्या दीडशेव्या पानाचा कोपरा खूण म्हणून दुमडलेला होता.

मग माझ्याहून जाड, चकचकीत पुस्तके आली. माझी शिवण सैल झाली होती, पाठ मोडली होती. मला दारामागच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर ठेवले. शेजारी एक जुना नकाशासंग्रह होता. त्याच्यातले काही देश आता उरलेलेही नाहीत, पण त्याची ऐट कायम होती. आम्ही दोघे तिथे बरीच वर्षे होतो. फार वाईट दिवस होते असे म्हणणार नाही. धूळ उबदार असते.

कपाट झाडताना ग्रंथपालबाईंच्या हाती मी लागले. ग्रंथपालबाई म्हणजे वाचनकक्षात कोणी कुजबुजले तरी डोळे वटारणाऱ्या आणि स्वतः मात्र काउंटरवर तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या. त्यांनी मला उलटेसुलटे केले, मिशांकडे पाहून हसल्या आणि रद्दीच्या गठ्ठ्यात न टाकता बाइंडरकडे पाठवले.

बाइंडरच्या खोलीत खळीचा वास होता आणि जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. बाइंडर पुस्तके कधी वाचत नसे. “मी वाचत बसलो तर शिवणार कोण?” असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. त्याची पद्धत अशी की, एका मापाची पुस्तके एकदम उसवायची, फर्मे पालथे घालून वाळवायचे आणि मग एकदम शिवायला घ्यायची. त्या दिवशी माझ्या मापाचे दुसरे एक पुस्तक तिथे होते. ते मधमाश्या पाळण्याविषयी होते आणि कुठल्याशा कचेरीतून आले होते. दोघांचे फर्मे शेजारी शेजारी पालथे पडले. चहा आला. चहा घेऊन आलेल्याने एक लांबलचक किस्सा सांगितला, बाइंडर पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याने दोघांचा शेवटचा एकेक फर्मा उचलून चुकीच्या जागी ठेवला. माझा शेवट मधमाश्यांच्या पुस्तकात गेला. मधमाश्या माझ्यात आल्या. आणि जे पोटात नाही ते मला आठवत नाही.

त्यामुळे आता माझ्यात असे आहे. दोनशे चोविसाव्या पानावर नायिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. आई समोर आहे. शेवटची ओळ अशी : ‘तिने श्वास घेतला, तोंड उघडले आणि’. पान उलटले की पुढची ओळ येते : ‘धुराने माश्या शांत झाल्यावर पेटीचे झाकण सावकाश उचलावे.’

मी वाचनालयात परतल्यावर हा घोळ पाहून ग्रंथपालबाईंनी बाइंडरला फोन केला. “ते मधमाश्यांचं पुस्तक कुठल्या कचेरीचं होतं?” असे विचारले.

“बाई, गठ्ठे येतात, गठ्ठे जातात,” तो म्हणाला. “पण शिवण कशी झालीय? मजबूत आहे की नाही?”

शिवण मजबूत होती, हे मलाही मान्य करावे लागेल.

दुसरी प्रत मिळेना. मला पूर्वी वाचलेली मुले मोठी होऊन कुठे कुठे पांगली होती. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद पडली होती. ग्रंथपालबाईंनी मला आधी कधी वाचले नव्हते. त्यांनी आता वाचून काढले, तेही अर्थात दोनशे चोविसाव्या पानापर्यंतच. मग त्यांनी माझ्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली : ‘शेवटची सोळा पाने चुकीची आहेत. शेवट काउंटरवर मिळेल.’

माझे दिवस पुन्हा पालटले ते या चिठ्ठीमुळे. मला वाचून झाले की मुले काउंटरवर येत आणि हळूच विचारत, “बाई, शेवट?” ग्रंथपालबाई चष्मा काढत, आजूबाजूला बघत आणि खालच्या आवाजात शेवट सांगत. पहिला शेवट एका लहान मुलाला मिळाला. तो रडकुंडीला आला होता. त्याच्या शेवटात आई नायिकेला जवळ घेते आणि दोघी मिळून कारखान्याच्या मालकाची फजिती करतात. तो मुलगा उड्या मारत गेला. आजोबांना सांगितलेल्या शेवटात आईलाही लहानपणी तीच शक्ती होती आणि लग्नानंतर ती हळूहळू गेली. आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. गणिताचे सर आले तेव्हा म्हणाले, “मुलांच्या हातात काय जातंय ते तपासायला आलोय. शेवट काय आहे?” त्यांना मिळालेला शेवट मी इथे देत नाही. तो जरा लांब होता आणि त्यात एक समीकरण होते.

बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत आणि त्याला नेमका बसेल असा शेवट देत. हे बरोबर होते की चूक, यावर मी मत देत नाही. शेवट मागायला आलेले सगळे शेवट घेऊन गेले, एवढे नोंदवते.

आता त्या दोन मुलींकडे येऊ.

पहिलीला वर्गात महाराणी म्हणत. कारण कधी कधी मागून कितीही हाका मारल्या तरी ती वळून बघत नसे. “महाराणींना अशी हाक पोचत नाही, कोणीतरी तुतारी फुंका!” असे मुले म्हणत आणि हसत. तीही हसे. ती वाचनकक्षात यायची तेव्हा नेहमी टेबलाच्या एकाच टोकाला बसायची. डाव्या हाताला भिंत, उजवीकडे बाकीचे जग. ती जागा कोणी घेतली असेल तर उभी राहायची, पण दुसरीकडे बसायची नाही.

वाचनकक्ष आणि कचेरी यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. पलीकडे ग्रंथपालबाई आणि शिपाई बोलत असले की इकडे आवाज येत नाही. एकदा पलीकडे शिपाई बाईंना सांगत होता की, त्याचा मेहुणा नवी सायकल घेऊन थेट नाल्यात गेला. इकडे माझ्यावर डोके ठेवून बसलेली महाराणी खुदकन हसली. तिने ते ओठांवरून वाचले होते. माझ्या नायिकेला भिंतीपलीकडचे ऐकू येते. हिला काचेपलीकडचे दिसत होते. मला वाटले, चला, माझ्यातलीच एक उठून बाहेर आली.

हे तिला कशामुळे जमते, ते मला पुढे कळले.

तिने मला तीनचार वेळा नेले. दरवेळी दोनशे चोविसाव्या पानावर ती थांबायची आणि ती अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. अखेर एके दिवशी काउंटरवर जाऊन तिने शेवट मागितला. ग्रंथपालबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

“ती तोंड उघडते,” बाई म्हणाल्या, “आणि म्हणते, आई, भूक लागली. बस. दोघी जेवायला बसतात. गुपित तिचं तिच्यापाशीच राहतं, आणि काही बिघडत नाही.”

“सांगतच नाही?”

“नाही.”

महाराणीने मला छातीशी धरले. तिचे खांदे सैल झालेले मला कळले. पुस्तकातल्या मुलीने सांगितले नाही, म्हणजे न सांगणे चालते, असा तिने त्यातून अर्थ काढला होता.

दुसरी मुलगी टकळी. तिचे तोंड झोपेतही चालत असावे. ती मला फार सावकाश वाचायची, कारण एक पान वाचले की ते चारचौघांना सांगितल्याशिवाय तिला पुढे जाववत नसे. महाराणीची एकुलती एक मैत्रीण तीच. शुक्रवारी तिचे वाचून संपले, तिने शेवट मागितला, आणि तो घेऊन ती उड्या मारत टेबलाशी आली.

“सांगते! आईला सगळं सांगते. आणि आई म्हणते, अगं, मला केव्हाचंच ठाऊक होतं!”

“नाही सांगत,” महाराणी म्हणाली. “ती म्हणते, भूक लागली.”

“भूक? एवढा पूल पाडून, जीव मुठीत धरून धावली, आणि शेवटी काय, तर भूक? खुळी आहेस का?”

“तू खुळी. मला बाईंनी सांगितलंय.”

“मलाही बाईंनीच सांगितलंय!”

“कुठल्या बाईंनी?”

“ह्या!”

दोघी तरातरा काउंटरवर आल्या. टकळीने मला धाडकन आपटले. पाच वाजले होते. ग्रंथपालबाई त्या क्षणी शिक्का पुसण्यात फार गुंतल्या होत्या.

“बाई, खरा शेवट कुठला?” महाराणीने विचारले. तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “सांगते की नाही सांगत?”

बाईंनी शिक्का खाली ठेवला. “खरा मला ठाऊक नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती पानं मी वाचलेलीच नाहीत.”

वाचनकक्षात एक खुर्ची करकरली. आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतले. “म्हणजे ते लग्नानंतर शक्ती जाते वगैरे...”

“आजोबा, तुम्ही जरा थांबा.”

“थांबतो. पण मी ते माझ्या बहिणीला पत्रानं कळवलंय.”

कोणीतरी फिसकन हसले. महाराणी हसली नाही. तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती.

“मग मला न सांगणाराच का दिलात?”

“तुझ्याकडे बघून वाटलं, तुला तोच हवाय.”

“हवा होता,” ती म्हणाली. “पण मला वाटलं, पुस्तकात तसं आहे.”

तिचे डोळे भरून आले. बाई गडबडल्या. पेला काढायला त्या काउंटरखाली वाकल्या आणि वाकूनच म्हणाल्या, “बस बाळा जरा, पाणी देते.” महाराणी जागची हलली नाही. तिला ते कळलेच नव्हते, कारण आवाज काउंटरखालून दबून येत होता आणि बाईंचे तोंड दिसत नव्हते. टकळी भांडण विसरून सवयीने तिच्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, “बस म्हणतायत. पाणी देतायत.”

बाई पेला घेऊन वर आल्या. त्यांनी एकीकडून दुसरीकडे पाहिले. माझ्यावर नवी तारीख मारून मला महाराणीच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “तूच घेऊन जा. ह्याचा शेवट मी यापुढे कोणाला सांगणार नाही.”

दोघी बाहेर पायऱ्यांवर बसल्या. मी महाराणीच्या मांडीवर होते.

“डावा ना?” टकळीने विचारले.

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कोण कशाला हवं? डावीकडून काही बोललं की तू नुसती गोड हसतेस. मी एकदा मुद्दाम म्हटलं, तुझ्या वेणीत झुरळ चढलंय. तू हसलीस आणि म्हणालीस, हो ना!”

महाराणीला हसू आवरेना. रडता रडता ती हसली, त्यामुळे नाकातून विचित्र आवाज आला आणि मग दोघीही हसल्या.

“मग विचारलं का नाहीस एवढे दिवस?”

“तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं नाही. मी गप्प बसले, मी! त्याचं कौतुक नाहीच कोणाला.”

मग महाराणीने सांगितले. काही वर्षांपूर्वी तिला गालगुंड झाले होते. तिची आई शिवणकाम करते. त्या वेळी एका शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती आणि आई दिवसभर मशीनवर. ताप उतरला तेव्हा डाव्या कानातले जग बंद झाले होते. आज येईल, उद्या येईल म्हणून ती वाट बघत राहिली. मग एकदा मावशी आली आणि आईला म्हणाली, “तू ऑर्डरी उरकत बसलीस आणि पोरीनं ताप अंगावर काढला.” आई उठून मोरीवर गेली. भांडी घासत बसली. महाराणीने ते दारातून पाहिले आणि ठरवले की, कानाचे कधीच सांगायचे नाही.

“मी सांगितलं की आई म्हणणार, माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “आणि मग आयुष्यभर तेच मनात घेऊन बसणार. तू तिला ओळखत नाहीस.”

“पण सोमवारी शाळेत कान तपासायला येणार आहेत.”

“ठाऊक आहे. गेल्या वेळी मी डॉक्टरांच्या ओठांकडे बघून सुटले. या वेळी कानांना यंत्र लावून शिट्ट्या ऐकवणार आहेत म्हणे. शिट्टीला ओठ नसतात.”

टकळीने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, “म्हणजे सोमवारी तुझ्या आईला शाळेतून फोन जाणार. मग ती काय म्हणेल? लेकीनं एवढी वर्षं माझ्यापासून लपवलं, असंच ना? ते तिला जास्त लागेल की कान?”

महाराणीने मला मांडीवर सरळ केले. तिने मला उघडले. दोनशे चोविसावे पान आपोआप उघडते आता, इतक्या वेळा ते उघडले गेले आहे. टकळीने मान लांब करून पुढचे पान मोठ्याने वाचले. “झाकण सावकाश उचलावे. घाई केल्यास माश्या बिथरतात. चेहरा पेटीच्या अगदी जवळ नेऊ नये.” तिने मला मिटले. “ऐकलंस? सावकाश उचल. पण उचल.”

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. घराची पुढची खोली म्हणजेच आईचे शिवणकामाचे दुकान. मध्ये बेतायचे मोठे टेबल, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा, खिडकीशी मशीन. नाटकमंडळींचे पोशाख उद्या द्यायचे होते. राजाचा अंगरखा पुतळ्यावर होता, एका बाहीचा. मला टेबलावर खडू आणि टेप यांच्यामध्ये ठेवले गेले. तिथून मला सगळे दिसत होते.

आई पाठमोरी बसून दुसऱ्या बाहीला टीप मारत होती. महाराणीने तिच्या खांद्याला हात लावला. आईने वळून पाहिले आणि काहीतरी म्हटले. तिच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. अशा वेळी आईचे ओठ हलत नाहीत, शब्द दातांमागून येतात, आणि मशीनच्या आवाजात महाराणीला त्यातले काही लागत नाही. अंदाजाने ती “हो” म्हणते. आज तिने हो म्हटले नाही.

“आई, टाचण्या काढ. मला तुझे ओठ दिसत नाहीत.”

मशीन थांबले. आई हसली. तिने दोन टाचण्या काढल्या आणि उरलेल्या सांभाळत म्हणाली, “ओठ कशाला दिसायला हवेत? कानांना काय झालंय?”

“तेच सांगायला आलेय.”

आईने उरलेल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. शेवटची तिच्या बोटांत तशीच राहिली. महाराणीने डाव्या कानावर हात ठेवला. ती फार बोलली नाही. तीन-चार वाक्ये होती, आणि ती तिने पाठ केल्यासारखी न अडखळता म्हटली.

“तेव्हापासून?” आईने विचारले.

“हो.”

आई पुतळ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “मावशी बरोबर बोलली होती.”

“मावशी डॉक्टर कधीपासून झाली?” महाराणी म्हणाली. “आई, मी यासाठीच सांगत नव्हते. तू हेच म्हणणार हे मला ठाऊक होतं. तू असं म्हणालीस ना, तर मी तुला पुढचं काहीच सांगणार नाही. काचेतून मला लोकांचं बोलणं कळतं, तेसुद्धा नाही सांगणार.”

“काचेतून?”

“कोपऱ्यावरच्या दुकानात ते दोघे भाऊ काय बोलत असतात, सगळं मला कळतं. तुझ्याबद्दल बोलतात.”

“काय बोलतात?”

“घासाघीस फार करते म्हणतात.”

आईला हसावे की रडावे ते कळेना. तिने दोन्ही केले. मग बराच वेळ त्या दोघी मशीनशेजारी जमिनीवर बसून बोलत होत्या. टेबलाच्या कडेमुळे मला त्यांची फक्त डोकी दिसत होती. शेवटी आई उठली आणि तिने नाटकवाल्याला फोन लावला.

“पोशाख उद्या मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “नाही, मशीन ठीक आहे. मुलीला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय... राजा? राजाला तूर्त चादर गुंडाळा... मग मोठी चादर घ्या.”

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला जे हवे होते ते बहुतेक मिळाले. मला पळवले, लपवले, मिशा काढल्या, उसवले, पुन्हा शिवले. तुम्हाला माझी विनंती साधी आहे. पुस्तकाचा कोपरा दुमडू नका, गणिताचे सर असलात तरी. एखाद्या पुस्तकाची शेवटची पाने चुकली असतील तर त्याला रद्दीत घालू नका, त्याची आधीची दोनशे पाने धडधाकट असतात. आणि तुमच्या हाकेला कोणी ओ दिली नाही, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूने जाऊन हाक मारून बघा.

बाकी बातमी अशी. आज शनिवार. सकाळी दोघी डॉक्टरकडे गेल्या. निघताना आईने राजाची अर्धवट बाही माझ्यावर टाकली, त्यामुळे मला आता फक्त भिंतीवरचे घड्याळ दिसते. कान किती बरा होईल, होईल की नाही, हे सकाळपर्यंत दोघींनाही माहीत नव्हते. मधे दोनदा फोन वाजला. बहुधा नाटकवाला असावा. उचलायला कोणी नव्हते. आता बारा वाजून गेले आहेत. दार अजून उघडलेले नाही.